मतनियाज सांगेल तो भाव

खिवा शहरात जुन्या किल्ल्याच्या पाल्वान दरवाजाबाहेर मी मेंढीच्या कातड्याच्या झुबकेदार टोप्या विकतो, आणि माझ्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून एका बुटक्या स्टुलावर मतनियाज बसतो. मी माल विकतो, तर माझ्याकडे कोणी फिरकत नाही. तो काहीच विकत नाही, तर त्याच्यापुढे रांग. वरच्याचा न्याय, दुसरं काय म्हणणार!

लोक त्याच्याकडे जुन्या नोटा घेऊन येतात. कोणी झारच्या काळातली रुमालाएवढी नोट आणतं, कोणी लेनिनच्या चेहऱ्याचं अख्खं बंडल. प्रत्येकाला वाटतं, आपल्या पेटीच्या तळाशी घबाड सापडलं. मतनियाज आधी किटलीतल्या पाण्याने हात धुतो, खसाखसा पुसतो, मग नोट घेतो. चष्मा नंतर. आधी बोटं.

"मतनियाज बाबा, नीट बघा. शंभर वर्षांची आहे ही."

"माझी आत्या पण शंभरीला आलीय. तिला कोण विकत घेतंय?"

लोक हसतात, पण त्यांचा चेहरा पडतोच. मग तो सांगतो, समजावून सांगतो. जी नोट घराघरांत आहे तिला भाव नसतो. आकडा मोठा म्हणून भाव मोठा, असंही नसतं. उलट चिल्लर नोटा या हातातून त्या हातात फिरून झिजून जातात, म्हणून त्याच आज मिळत नाहीत. नोट कापली का, डाग पडलाय का, कडा शाबूत आहेत का, हे सगळं बघायचं आणि मग बोलायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा प्रकार त्याच्याकडे नाही.

पण त्याचा खरा जीव रेशमी नोटांवर. शंभर वर्षांपूर्वी खानाचं राज्य गेलं आणि नवं सरकार आलं त्या धामधुमीत आमच्याकडे कागद मिळत नव्हता. रेशीम मात्र घरोघरी. मग लाकडी ठसे कोरून रेशमावरच नोटा छापल्या. थोड्या वर्षांत त्या बाद झाल्या, तेव्हा आमच्या आज्यांनी डोक्याला हात लावला नाही. त्यांनी त्या नोटा जोडून गोधड्या शिवल्या. पैसे बुडाले, पांघरूण तर झालं! आमच्या मोहल्ल्यात तेव्हापासून चाल आहे: नवरदेवाकडच्यांनी नवरीच्या गोधडीत उशाकडे एक तरी रेशमी नोट शिवायची. बरकत येते म्हणतात. कुठून येते ते मला विचारू नका.

आता या नोटांना परदेशी लोक आणि ताश्कंदचे शौकीन भरपूर पैसे मोजतात. आणि आमच्या बायकांना सवय अशी की मळकं कापड घराबाहेर न्यायचं नाही. गेल्या वर्षी एक बाई चार नोटा घेऊन आली. गोधडीतून उसवल्या, साबणाने धुतल्या, भाताची पेज लावली आणि कडक इस्त्री मारून आणल्या. मतनियाजने त्या हातात घेतल्या आणि धुऊन उडालेल्या रंगावरून अंगठा फिरवला.

"कशा झाल्यात?" बाईने कौतुकाने विचारलं.

"पोरी, इस्त्री फार सुंदर केलीस," तो म्हणाला. "आता चारही पुन्हा गोधडीत शीव."

त्याचे दोन नियम. एक, स्वतः नोट विकत घ्यायची नाही आणि विकायचीही नाही. दोन, पारख करण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कोणी एखादी रोटी, कोणी टरबुजाची फोड ठेवली तर ठेवली. "पारख्याने दुकान मांडलं की त्याचे डोळे गिऱ्हाइकाकडे लागतात," असं म्हणायचा. बाजाराला वाटायचं, काय साधू माणूस आहे! मलाही वाटायचं. ताश्कंदचा मोठा व्यापारीसुद्धा त्याने मान हलवली की पुढचं विचारत नसे. मतनियाज सांगेल तो भाव.

गेल्या शरदातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातली बिकाजान, म्हणजे रेयिमबाय सुताराची विधवा, तिचा एकुलता मुलगा दावलत रशियातून परत आला होता. सहा वर्षं तिकडे इमारतींच्या कामावर सिमेंटची पोती वाहून त्याची पाठ पार गेली होती. वय अवघं अठ्ठावीस, आणि उठताना भिंत धरून उठायचा. त्याला परत जायचं नव्हतं. एक जुनी दमास व्हॅन बघून ठेवली होती. खिवा ते उरगेंच भाजी-रोट्या वाहिल्या की घर चालेल, रात्री आईच्या हातचं खायला मिळेल, एवढंच त्याचं स्वप्न. पण पैसे थोडे कमी पडत होते. गाडीचा मालक रविवारपर्यंत थांबणार होता. जमलं नाही तर मंगळवारची मॉस्कोची बस, सिमेंट आणि पोती.

आणि मग त्याला आठवली आईची गोधडी. बिकाजान बहिणीकडे गेलेली असताना त्याने उशाकडची रेशमी नोट हळूच उसवली आणि ताश्कंदच्या इल्हामला फोटो पाठवला. इल्हाम हा जुन्या नोटांचा शौकीन, दर शरदात आमच्याकडे येतो, माझ्याकडून एक टोपी घेतो आणि घासाघीस करून माझा जीव खातो. तो म्हणाला, साठ लाख सोम देतो. पण मतनियाजने खरी म्हटलं तरच. साठ लाख आले की गाडी दारात.

रविवारी सकाळी दोघं आले. मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. दावलत या जगात येण्याआधीपासून मी त्याच्या बापाला ओळखत होतो, पोराचं भलं होताना बघायचं होतं. मतनियाजने हात धुतले. नोट बोटांत घेऊन डोळे मिटले.

"रेशीम आपल्याकडचंच," तो म्हणाला.

दावलतच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मलाच बरं वाटलं. मतनियाजने चष्मा लावला, नोट उलटी केली, सुलटी केली, मग कोपऱ्याशी अंगठा नेला आणि थांबला.

"कुठली ही?"

"घरची. माझ्या वडिलांनी आईच्या गोधडीत शिवलेली, लग्नाच्या वेळी."

मतनियाजने नोट गुडघ्यावर ठेवली. "जुमा," मला म्हणाला, "चहा दे जरा."

तिथेच मला शंका आली. तीस वर्षांत या माणसाने काम संपायच्या आधी चहा घेतलेला मी पाहिला नाही. त्याने एक वाटी घेतली, दुसरी मागितली.

"खोटी आहे," तो म्हणाला.

"बाबा, पुन्हा बघा ना." दावलत म्हणाला.

"बघितली."

इल्हामने नोट उचलून भिंग लावलं. "मतनियाज अका, मला तर खरी वाटते. रंग मागपर्यंत उतरलाय, रेशीम जुनं आहे, शिवणीखाली बघा कसा ताजा राहिलाय. तुम्ही कशावरून म्हणता?"

"या कोपऱ्यातल्या फुलातून केसाएवढी पांढरी रेघ गेलीय. ठशाला चीर होती. खऱ्या नोटांत ती कुठेच नाही."

इल्हामचे डोळे चकाकले. "अहो, मग तर दुधात साखर! चिरलेल्या ठशाची एकमेव नोट! दावलत, सत्तर देतो."

शौकीन लोकांचं डोकं हे असं चालतं. आमच्यात भांड्याला तडा गेला की किंमत उतरते, यांच्यात चढते. दावलतने मतनियाजकडे पाहिलं. आता मतनियाजने फक्त गप्प बसायचं होतं. मान हलवायचीसुद्धा गरज नव्हती. मीच मनात म्हणत होतो, गप्प बस रे बाबा, एकदा तरी गप्प बस.

"तो ठसा मी कोरला होता," मतनियाज म्हणाला.

इल्हामने भिंग खाली केलं.

मग त्याने सांगितलं, खाली बघत. आमचा देश रशियापासून वेगळा झाला त्यानंतरचा पहिला-दुसरा हिवाळा. रेशमाचा कारखाना बंद पडला, हा तिथे रंग तपासायच्या कामावर होता. घरात दोन लेकरं आणि पिठाचा डबा रिकामा. परदेशी पाहुणे तेव्हा नुकते यायला लागले होते आणि रेशमी नोटा विचारत फिरत होते. याने एल्म झाडाच्या फळीचा तुकडा आणला, ठसा कोरला, कारखान्यातलं उरलेलं रेशीम चहाच्या पाण्यात आणि कांद्याच्या सालीत बुडवून जुनं केलं. ठसा चुलीजवळ वाळायला ठेवला तर कोपऱ्यात चिरला. मेण भरलं, तरी रेघ उमटलीच. अकरा नोटा काढल्या. दहा पाहुण्यांना गेल्या. मग ठसा चुलीत घातला.

"आणि अकरावी?" दावलतने विचारलं. उत्तर त्याला समजलं होतं.

"तुझ्या बापाचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याला गोधडीसाठी नोट हवी होती. मी दिली. तांदळाचं एक पोतं घेतलं."

"ते तुम्हाला भाऊ मानायचे!" पोरगं ओरडलं. आता अख्खा बाजार बघायला लागला. "त्यांच्या जनाज्याला खांदा दिलात तुम्ही! आयुष्यभर खुळा बनवलंत माझ्या बापाला, आणि वर इथे बसून लोकांना खरंखोटं शिकवता?"

मतनियाज उठला, कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. ती मला माहीत होती. त्याच्या आजीची रेशमी नोट, खरीखुरी, त्याने कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. ती त्याने दावलतपुढे धरली. "ही घे. ही विक. ही खरी आहे."

इल्हाम तसा वाईट माणूस नाही. पण धंद्याचा माणूस. तो हळूच म्हणाला, "अका, तासाभरापूर्वी तुमच्या एका शब्दावर मी हिचे ऐंशी मोजले असते. आता ही खरी, असं मला सांगणार कोण?"

मतनियाजचा हात तसाच पुढे राहिला. दावलतने स्वतःची नोट ओढून घेतली, आजीच्या नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही आणि निघून गेला. इल्हाम टोपी न घेता ताश्कंदला गेला.

सोमवारी मतनियाज आला, बसला, हात धुतले. कोणी जवळ आलं नाही. दोघीतिघी नोटा घेऊन आल्या, लांबून पाहिलं आणि माघारी वळल्या. मीही त्याच्याशी बोललो नाही. खोटं सांगत नाही, मला राग आला होता. नोटांचा नाही. एकाच शाळेत शिकलो, तीस वर्षं पाठीला पाठ लावून बसलो, आणि हे मला आज कळतंय? मी काय पेपरात छापून आणलं असतं? त्याचे ते दोन नियम मला आता समजले. साधूपणा कसला, तो स्वतःला शिक्षा करून घेत होता. हे कळल्यावर राग थोडा कमी झाला, पण बोललो तरी नाही.

मंगळवारी सकाळी बिकाजान आली. आधीच तिच्या जिभेला हाड नाही, त्यात पोरगं दुपारी चाललेलं. मला वाटलं, आता हिच्या शिव्या किल्ल्याच्या भिंतीपलीकडे ऐकू जाणार. ती आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली. मतनियाज स्टुलावरून उठला.

"आगा," ती म्हणाली, "तुम्हाला 'कळत नाही' एवढं म्हणता आलं नाही?"

"नाही आलं."

"सत्तर लाख होते. माझं पोरगं घरी राहिलं असतं."

मतनियाजने मान खाली घातली.

"दोन शब्द, आगा. 'कळत नाही.' मी रोज शंभरदा म्हणते. काही होत नाही."

"तुझ्या घरची नोट बघून मी दुसऱ्यांदा खोटं बोललो असतो, बिकाजान. पहिल्यांदाचंच मला झेपलेलं नाही."

ती माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली, ओढणीने तोंड पुसलं आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "दावलतच्या वडिलांना माहीत होतं."

"काय?"

"नोट आणली त्याच दिवशी मला सांगितलं त्यांनी. लग्न होऊन आठवडा झाला होता, ते स्वतः गोधडी उसवून नोट शिवत बसले होते. मला हसत म्हणाले, ही बघ मतनियाजची कारागिरी. मी घाबरले, म्हटलं खोटी? तर म्हणाले, फळी माझ्याच सरपणाच्या ढिगातली आहे. चिरणार म्हणून मीच बाजूला टाकली होती, आणि चिरली बघ कुठे ते."

मतनियाज पुन्हा स्टुलावर बसला.

"मी म्हटलं, मग पोतंभर तांदूळ कशाला दिलात? तर म्हणाले, तसाच नेऊन दिला असता तर घेतला नसता त्याने. पोरं उपाशी राहिली असती आणि हा भिंतीकडे तोंड करून झोपला असता. म्हणून हे फडकं घेतलं."

"मला कधी... तीस वर्षं... एकदा तरी म्हणायचं."

"तुम्ही इथे येऊन बसायला लागलात. खोट्याला खोटं म्हणायला लागलात, पैसे न घेता. ते म्हणाले, बरं चाललंय त्याचं, डिवचू नकोस."

मतनियाज रडला. भर बाजारात, तोंड झाकण्याचंही भान न राहता. मी उठून त्याच्यापुढे टोप्यांचे दोन ढीग लावले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तेवढं काही जमलं नाही.

"रडणं नंतर," बिकाजान म्हणाली, तिचेही डोळे भरलेच होते. "पोरगं बाप खुळा होता असं मनात घेऊन चाललंय. मी सांगितलं तर म्हणतं, आई, तू मला बरं वाटावं म्हणून रचून सांगतेस. तुम्ही जा."

"माझा शब्द तो कशाला ऐकेल?"

"ते तुम्ही बघा. बस एक वाजता आहे."

मी दुकान बंद केलं. गिऱ्हाईक नव्हतंच, फार मोठा त्याग केला असं समजू नका. टॅक्सीने उरगेंच गाठलं. बसच्या पोटात पिशव्या चढत होत्या, आया पोरांच्या हातात रोट्यांची गाठोडी कोंबत होत्या. दावलत बाजूला भिंतीला पाठ टेकून उभा होता. आम्हाला बघून त्याने तोंड फिरवलं.

मतनियाज त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मला एकच सांगायचंय. ठशाची फळी मी तुझ्या बापाच्या दुकानामागून उचलली होती. सरपणाच्या ढिगातून. त्याला न विचारता."

दावलत लहानपणी त्याच दुकानात भुशात खेळला होता. मला दिसत होतं, त्याचं डोकं चालू लागलंय.

"सरपणात कशाला टाकली होती?" त्याने विचारलं.

"ते मला त्या वेळी कळलं नाही. मला फळी चांगली वाटली."

"ते ओल्या लाकडावर हात फिरवून सांगायचे, ही चिरणार, इथून चिरणार," दावलत सावकाश म्हणाला. "कधी चुकले नाहीत." मग थांबून म्हणाला, "म्हणजे त्यांनी नोट बघितल्या बघितल्या..."

"हो."

"आणि तांदूळ दिला."

"दिला. तीन महिने पुरला आम्हाला."

दावलतने खिशातून ती नोट काढली, कोपऱ्यातल्या रेघेवर बोट फिरवलं आणि परत खिशात ठेवली. त्याला हसू आलं की रडू, मला नीट कळलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्याने पिशवी उचलली, पाठीत कळ आली तसा क्षणभर वाकला आणि सरळ झाला.

"मतनियाज बाबा, हिवाळ्यात गॅस जातो. आई थंडीत बसून राहते, पण कोणाला सांगत नाही. कोळसा आधीच भरून ठेवावा लागतो."

"मी भरतो," मतनियाज म्हणाला.

दावलतने त्या शब्दावर पुन्हा काही विचारलं नाही. तो बसमध्ये चढला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.